जाधव मॅडमची हद्द

जाधव मॅडम लिफ्टमधली सूचनासुद्धा शेवटच्या ओळीपर्यंत वाचत. मजला येऊन दार उघडलं तरी त्यांचं वाचन चालूच असे आणि आम्ही दार धरून उभे राहत असू. वाचून झालं की चष्मा काढून म्हणत, "खाली सही कुणाचीच नाही की हो." मग बाहेर पडत.

दोह्यात फरीज बिन ओमरान भागातल्या आमच्या इमारतीत त्या मुलाकडे राहायला आल्या होत्या. मुलगा अभिजित गॅसच्या प्रकल्पावर इंजिनिअर, सून प्राची शाळेत शिक्षिका, नात सई तिसरीत. मी, सावंत, त्यांच्या खालच्या मजल्यावर. मॅडम लातूरकडच्या, निवृत्त तहसीलदार. या वयाच्या बाईला आपण आजी किंवा काकू म्हणतो, पण ते त्यांना कधी चिकटलंच नाही. खालचा मल्याळी दुकानदार मॅडम म्हणायचा, आम्ही मॅडम म्हणायचो, आणि प्राचीच्या तोंडूनही 'आई'च्या जागी कधी कधी मॅडमच निघायचं. उंच, किडकिडीत बाई. सुती साडी, त्यावर एसीसाठी पूर्ण बाह्यांचा स्वेटर आणि पायात अभिजितने घेऊन दिलेले पांढरे स्पोर्ट्स शूज. खुर्चीच्या अगदी कडेला ताठ बसत, जणू आत्ता कुणीतरी आतून बोलावणार आहे.

बोलताना टेबलावर बोटाने एक रेघ ओढायची सवय होती. "इथवर माझं. इथून पुढं माझा अधिकार नाही." महसूल खात्यात सगळी हयात हद्दी मोजण्यात गेलेली. ती रेघ त्या घरातही ओढत. प्राचीच्या स्वयंपाकघरातला मसाल्याचा डबा त्यांनी कधी जागचा हलवला नाही. पाणी हवं असलं तरी दारात उभं राहून मागत. पहिल्यांदा मला हे फार चांगलं वाटलं. नंतर एकदा प्राची माझ्या बायकोला म्हणाली, "कधी कधी वाटतं, एकदा तरी आईंनी माझ्या आमटीला नावं ठेवावीत. घरात सासू आहे असं वाटतच नाही, तपासणीला आलेलं कुणीतरी वाटतं."

इमारतीतली एक गोष्ट अजून सांगतात. देखभाल करणाऱ्या कंपनीने खाली कागद लावला की संध्याकाळी मुलांना अंगणात खेळायला मनाई आहे. मॅडमनी तो दोनदा वाचला आणि सईला दुभाषी म्हणून घेऊन सरळ त्यांच्या ऑफिसात गेल्या. तिथल्या लेबनीज मॅनेजरने चहा मागवला. मॅडमनी भाडेकरार पुढे ठेवून विचारलं की ही मनाई कुठल्या कलमात आहे. तो हसून म्हणाला की कलम वगैरे नाही, शेजारी म्हातारे लोक आहेत, ही आपली एक विनंती. "मग खाली विनंती असं लिहा," मॅडम म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी नवा कागद लागला, त्यात दोनदा 'प्लीज' होतं. मुलं जिंकल्याच्या आरोळ्या ठोकत खेळायला उतरली तर मॅडम स्वतः खाली जाऊन उभ्या. "चला, वर चला. विनंती आहे. विनंतीचा मान ठेवायचा असतो." सई म्हणाली, "बट आजी, यू वन!" 'वन' म्हणजे जिंकलात, एवढं मॅडमना कळलं. "मी जिंकायला गेले नव्हते बाळा," म्हणाल्या.

आमच्या मराठी मंडळाने त्यांना निवडणूक अधिकारी केलं ते याच लौकिकामुळे. शिवाय त्या कुणाच्या गटातल्या नव्हत्या. मंडळात कुटुंबामागे दोन मतं, एक नवऱ्याचं, एक बायकोचं. आईवडिलांना मत नाही. आणि जी माणसं इथे एकटी राहतात, म्हणजे सुतार, इलेक्ट्रिशियन, ड्रायव्हर, ज्यांची बायकापोरं गावाकडे असतात, त्यांना 'पाहुणे सभासद' म्हणत. वर्गणी द्यायची, कार्यक्रमाला यायचं, मत नाही. मी तेव्हा मंडळाचा चिटणीस होतो आणि मला यात काही विशेष खटकत नव्हतं.

एका गणेशोत्सवात कतारच्या पार उत्तर टोकाला असलेल्या मदिनत अश शमालहून, आम्ही नुसतं शमाल म्हणतो, तिथून आलेल्या या मंडळींनी सगळा मांडव आणि स्टेज उभं केलं, दिवे जोडले. महाप्रसादाच्या वेळी त्यांना सांगण्यात आलं की आधी कुटुंबं बसतील. कुटुंबं बसली, उठली, आणि भात संपला. भांडण झालं नाही. त्यांच्यातला दत्ता शेळके नावाचा इलेक्ट्रिशियन, बीडकडचा, शांतपणे आपल्या माणसांना घेऊन गेला. पण पुढच्या महिन्यात तो घरोघर हिंडायला लागला. एकट्या माणसालाही पूर्ण सभासदत्व आणि मत द्यावं, असा ठराव त्याने लिहून घेतला होता. त्याला स्वतःला सही करता येत नव्हती, कारण तो मतदार नव्हता. मतदारांपैकी पाचव्या हिश्श्याच्या सह्या असल्या की ठराव मतदानाला जातो, असा आमचाच नियम होता. ज्यांच्या घरचे पंखे, गीझर, मिक्सर त्याने दुरुस्त केले होते, त्यांच्याकडे तो गेला, आणि सह्या भरल्या.

अध्यक्ष देवरे साहेबांच्या घरी बैठक झाली. देवरे नाशिकचे, वीस वर्षं इथे काढलेले, मंडळ पदरमोड करून चालवलेले. वाईट माणूस नव्हे. त्यांना खरोखर भीती होती की शेकडो नवे मतदार आले की मंडळ आपल्या हातात राहणार नाही आणि उद्या काही वावगं झालं तर जबाब आपल्याला द्यावा लागेल.

"मॅडम, कमिटीने एकमताने ठरवलंय," ते म्हणाले. "हा विषय मतपत्रिकेवर घ्यायचा नाही."

"कोणत्या नियमानं?"

"नियम असा नाही. पण मंडळाचं हित बघणं कमिटीचं काम आहे."

"बघा की. भाषण करा, घरोघर जा, ठराव पाडा. कुणी अडवलंय? पण सह्या मी तपासल्यात, त्या पुऱ्या आहेत. आता तो मतपत्रिकेवर घ्यायचा का नाही, हे तुमच्या हातात नाही अन् माझ्याही."

"ठराव अव्यवहार्य असला तरी?"

"ते सभासदांना सांगा. मला काय सांगायलात? मला मत कुठंय?"

देवऱ्यांनी ठरावाचा कागद पुढे ओढला. मग म्हणाले, "बरं. निदान शब्द तरी नीट करू. 'मंडळाची दारं बाहेरच्यांना सरसकट उघडावीत काय?' असा प्रश्न विचारू."

मॅडमनी टेबलावर रेघ ओढली. "प्रश्न त्यांनी विचारलाय. त्यांच्याच शब्दांत जाईल."

आम्हाला सोडायला खाली उतरताना देवरे मला म्हणाले, "ही बाई त्या पोरांना सामील आहे." शमालकडचे लोकही तसंच समजले, आणि खूश झाले.

मतदान एका शुक्रवारी शाळेच्या हॉलमध्ये झालं. सुट्ट्या लागल्या होत्या, बरीच कुटुंबं भारतात गेलेली. मोजणी झाली तेव्हा ठरावाच्या बाजूने स्पष्ट जास्त मतं होती. दत्ताच्या माणसांनी टाळ्या वाजवल्या. मॅडम उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या की नियम बदलायला एकूण मतदारांपैकी निम्म्याहून जास्त 'हो' लागतात, आलेल्यांपैकी नव्हे. तेवढे झालेले नाहीत. ठराव नामंजूर.

दत्ता मागून पुढे आला. "मॅडम, जे आलेच न्हाईत त्यांचं मत तुमी आमच्या विरोधात कसं काय धरलाव?"

"नियम तसा आहे."

"नियम! त्या दिवशी नियमानं आमच्या बाजूनं बोललाव, तवा वाटलं आपलं माणूस हाय."

"चला रे, खलास," म्हणून तो निघाला. त्याच्या माणसांनी जाण्याआधी खुर्च्या मात्र उचलून रचून ठेवल्या. देवरे हात जोडून आभार मानायला आले तर मॅडम त्यांनाही म्हणाल्या, "मी तुमच्यासाठी काही केलेलं नाही," आणि मतपत्रिकांच्या पेटीला सील लावत बसल्या.

दोन-तीन आठवड्यांनी त्यांनी मला विचारलं, "सावंत, शमालला न्याल का एकदा? अभिजितला सांगत नाही. तो का म्हणून विचारील."

शमालचा रस्ता म्हणजे सरळ ओढलेली दोरी. दोन्ही अंगाला सपाट माळ आणि मधूनच एखादी मशीद. मॅडम समोर बघत बोलत होत्या. मला सांगत होत्या का स्वतःला, कळलं नाही.

नोकरीच्या शेवटच्या वर्षांतली गोष्ट. तालुक्यातल्या एका गावच्या बायकांनी दारूचं दुकान बंद करावं म्हणून अर्ज केला होता. अशा वेळी फक्त बायकांचं मतदान घेतात. चिठ्ठीवर दोन बाटल्या असतात. उभी बाटली म्हणजे दुकान चालू, आडवी म्हणजे बंद. मतदान घ्यायचं काम मॅडमकडे होतं. जिल्हा परिषदेतला एक पुढारी त्यांच्या कचेरीत येऊन बसला. दुकान त्याच्या पाहुण्याचं. "मॅडम, जिल्हा परिषदेत ठराव करून आणतो की या गावात मतदानाची गरज नाही. मग तर झालं?"

"मी म्हणाले, खुशाल करा. जिल्हा परिषदेला ठराव करायला कोण अडवतंय? पण बायकांच्या सह्या पडताळून झाल्यात. आता हे मतदान थांबवायचा अधिकार जिल्हा परिषदेला नाही, अन् मलाही नाही."

मतदान झालं. बायका शेतातली कामं टाकून आल्या, उन्हात रांगा लावून उभ्या राहिल्या. मोजलं तर आडव्या बाटलीचा ढीग उभ्या बाटलीच्या कितीतरी वर. पण कायदा म्हणत होता की यादीतल्या एकूण बायकांपैकी निम्म्याहून जास्त हव्यात.

"अन् यादीत कोण होत्या सांगू? मेलेल्या होत्या. लग्न होऊन दुसऱ्या गावी नांदायला गेलेल्या होत्या. ऊसतोडीला गेलेल्या होत्या. त्या सगळ्या उभ्या बाटलीकडं मोजल्या गेल्या. थोडक्यात गेलं, सावंत. अगदी थोडक्यात."

"मग?"

"मग काय. जाहीर केलं. बायका जीपभोवती बसून राहिल्या. ओरडल्या नाहीत, काही नाही. एक म्हातारी म्हणाली, बाई, तुझ्या घरात नसंल ना ही बाटली, तुला काय कळायचं."

माळावरून वाळूची एक पातळ चादर रस्त्यावर सरकत होती. मी वेग कमी केला.

"घरात होती," मॅडम म्हणाल्या. "अभिजितचे वडील शिक्षक होते. तो बारावीला असताना गेले. लिव्हर. अभिजित कुणाला सांगत नाही, तुम्हीही बोलू नका. मी त्या जीपमध्ये बसले होते अन् मला वाटत होतं, खाली उतरावं, सांगावं. पण मी तिथं सरकार होते."

पुढचं त्यांनी फार सावकाश सांगितलं. कायद्याने वर्षभर थांबून पुन्हा अर्ज करता येत होता. तोवर त्यांची बदली झाली, मग सेवाही संपली. बायका पुन्हा जमल्या नाहीत, जमवणारं कुणी नव्हतं.

"मला जाता आलं असतं. रिटायर बाईला कोण विचारतंय? एसटीत बसायचं अन् जायचं. नाही गेले. मनात म्हटलं, तो आपला अधिकार नाही. अधिकार नव्हता हे खरं, सावंत. पण मनाई कुठं होती?"

शमालला दत्ताची मंडळी एका दुकानाच्या मागच्या खोल्यांत राहत. बाहेर वाळत घातलेल्या बनियनींची रांग. दत्ताने आम्हाला बसायला प्लास्टिकच्या खुर्च्या दिल्या, पाणी दिलं, आणि स्वतः उभाच राहिला.

"मी निवडणूक अधिकाऱ्याचं काम सोडलंय," मॅडम म्हणाल्या. "काल देवऱ्यांना सांगितलं."

"मग आता काय उपेग? आता तर तुमी कोनीच न्हाईत."

"आता तर उपयोग हाय, बाबा. कोणीच नाही म्हणून तर आले."

वर्षभराने ठराव पुन्हा आणता येईल, त्यासाठी सह्यांपेक्षा त्या दिवशी माणसं हॉलपर्यंत येणं महत्त्वाचं, आणि घरोघर मी येते, असं त्यांनी त्याला सांगितलं. दत्ता बराच वेळ त्यांच्या पांढऱ्या बुटांकडे बघत होता. "च्या ठेवू का?" त्याने शेवटी विचारलं.

मग त्यांचं ते हिंडणं सुरू झालं. मी चिटणीस, त्यामुळे लांबून बघत होतो. मेट्रोने त्या अल वक्राच्या टोकापर्यंत जात आणि तिथून टॅक्सीने मराठी घरं शोधत. टॅक्सीवाल्याला 'चला' म्हणायचं तर न चुकता "यल्ला भाऊ" म्हणत. एकटीला पाठवायला नको म्हणून प्राची बरोबर जाऊ लागली, आणि पहिल्याच घरी तिच्या लक्षात आलं की सासूबाईंना प्रचार येतच नाही. मॅडम सोफ्याच्या कडेला ताठ बसल्या, ठरावाचे फायदे सांगितले, आणि मग त्याच आवाजात तोटे सांगायला लागल्या. देवरे साहेबांची भीती कशी अगदीच निराधार नाही, हेही समजावलं. घरातला माणूस म्हणाला, "बरोबर आहे तुमचं. मी 'नाही'लाच देतो."

खाली आल्यावर प्राची भडकली. "आई, तुम्ही त्यांची बाजू का सांगताय?"

"त्यांना दोन्ही कळायला नको का?"

"कळायला देवरे साहेब आहेत ना! तुम्हाला काय हवंय ते सांगा. तुम्हाला, आई. तुम्हाला काय हवंय?"

प्राचीने नंतर माझ्या बायकोला सांगितलं की टॅक्सीत त्या पर्सवर बोटाने पुन्हा पुन्हा रेघ ओढत होत्या. दुसऱ्या घरी गेल्यावर तिथल्या बाईला म्हणाल्या, "या पोरांनी उभारलेल्या मांडवात आपण जेवलो अन् ते उपाशी गेले. मला ते बरं वाटलं नाही. तुम्ही 'हो' म्हणावं असं मला वाटतं." एवढंच. ती बाई त्या गणेशोत्सवात वाढपाला होती. तिचे डोळे भरून आले, आणि मॅडम इतक्या गोंधळल्या की प्राचीकडे बघायला लागल्या. पुढच्या घरांमध्ये बोलण्याचं काम प्राचीने केलं आणि मॅडमनी शेवटचं वाक्य तेवढं म्हटलं, "त्या दिवशी घरी बसू नका."

देवरे साहेबांच्याही घरी गेल्या. तिथे काय बोलणं झालं माहीत नाही. जेवून आल्या, एवढं खरं.

पुढे काय झालं ते आधीच सांगून टाकतो. दुसऱ्या मतदानाला ठराव पास झाला. जेमतेम, पण झाला. नंतरच्या निवडणुकीत दत्ताच्या मंडळींनी पहिल्यांदा मत दिलं, आणि अध्यक्ष म्हणून पुन्हा देवरेच निवडून आले. ठरावाला विरोध करून हरल्यानंतर शमालला मंडळाची बस पाठवायची व्यवस्था त्यांनीच पहिल्यांदा केली होती, आणि शमालची माणसं हे विसरली नाहीत. तोवर मॅडम लातूरला परत गेल्या होत्या. मी फोनवर ही बातमी दिली तर पलीकडे इतका वेळ हसू ऐकू येत राहिलं की मला वाटलं फोन दुसऱ्याच कुणी घेतलाय. गेल्या हिवाळ्यात त्या गेल्या. अभिजित आणि प्राची वेळेत पोचले.

मला त्या आठवतात त्या मात्र दुसऱ्या मतदानाच्या संध्याकाळच्या. आता अधिकारी नाहीत आणि पाहुण्या सभासदही नाहीत, त्यामुळे हॉलमध्ये येता येत नव्हतं, म्हणून बाहेर व्हरांड्यात लहान मुलांच्या बुटक्या बाकावर बसून होत्या, गुडघे हनुवटीपर्यंत आलेले. निकाल लागल्यावर प्राची धावत बाहेर गेली आणि तिने त्यांना मिठी मारली. मॅडमचे हात थोडा वेळ हवेतच राहिले. मग त्यांनी ते प्राचीच्या पाठीवर ठेवले, आणि काढले नाहीत.

सगळे फोटो, हसणं, आभाराचं शुक्रन-शुक्रन झाल्यावर शमालची मंडळी आपल्या कंपनीच्या जुन्या बसकडे निघाली. दत्ता म्हणाला, "मॅडम, खोलीवर मटण शिजवून आलोय. येता का?" आम्हाला वाटलं, नको म्हणतील. त्यांनी पदर खोचला, दत्ताचा हात धरला आणि बसची उंच पायरी चढल्या.

अभिजित गाडी काढून गेटपाशी थांबला होता. बस समोरून गेल्यावर मला म्हणाला, "आई कुठाय?"

"शमालला गेल्या. जेवायला."

"एकटी? कुणाला विचारून?"

मी बसकडे बोट दाखवलं. बस सिग्नलला थांबली होती. आतले दिवे लागलेले, खिडकीशी मॅडम दिसत होत्या. सीटवर पार मागे रेलून बसल्या होत्या, मान वळवून मागच्या कुणाला तरी काही सांगत होत्या, दोन्ही हात हलवत. काय ते ऐकू येत नव्हतं. बसभर माणसं हसत होती.